कारणे दाखवा

पहाटेचे पाच. रस्त्यावरचे दिवे अजून चालू आहेत आणि त्यांच्या उजेडात एक प्रौढ गृहस्थ पळत येतो आहे. पुढे बस नाही, मागे पोलीस नाही. अंगात पोपटी टी-शर्ट, दंडाला पट्ट्याने बांधलेला मोबाइल, तोंड उघडं, आणि दर मिनिटाला मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून चेहऱ्यावर नापसंती. बंद पानटपरीच्या फळीखाली झोपलेलं कुत्रं आधी कान उभा करतं, मग मान, मग स्वतः उभं राहतं. पुढच्या दहा सेकंदांत काय होतं ते मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा, हातवारे करून सांगेल. पण ही हकिगत आजवर एकाच पक्षाने सांगितलेली आहे. बिचारा प्रकृतीसाठी पळत होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि काही कारण नसताना कुत्रं अंगावर आलं. यातलं 'काही कारण नसताना' मला मान्य आहे, फक्त ते भलत्याच पक्षाच्या नावावर चढलं आहे. काही कारण नसताना पळत होता तो माणूस. त्या पहाटे त्या रस्त्यावर तर्काला धरून वागणारा एकच जीव हजर होता, आणि त्याला शेपूट होतं. त्याचं भुंकणं ही साधी कारणे दाखवा नोटीस होती. तिला उत्तर देता आलं नाही, म्हणून पळणाऱ्याची पाचावर धारण बसली.

आपल्याकडे पळायला कारण लागतं, हे आधी कबूल करू. नळाला पाणी आलं की माणसं पळतात. गच्चीवर कुरडया वाळत असताना आभाळ भरून आलं की जिन्याने चढताना धापा टाकणाऱ्या काकूही दोन-दोन पायऱ्या गाळतात. फलाट बदलल्याची घोषणा झाली की साठीतल्या गुडघ्यांना गुण येतो. दादरच्या पुलावर ऐन गर्दीच्या वेळी झोपलेलं कुत्रं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना माझा मुद्दा पटकन कळेल. हजारो माणसं त्याच्या शेपटीपासून चार बोटांवर पाय टाकत जिवाच्या आकांताने पळत असतात आणि ते कूसही बदलत नाही. पळणाऱ्या माणसाचा राग हा जर कुत्र्याचा स्वभाव असता, तर मुंबईची लोकल सेवा केव्हाच बंद पडली असती. ते शांत झोपतं, कारण गाडी आली आहे आणि माणसं गाडीसाठी पळताहेत हे त्याला दिसतं. मराठी माणूस आणि कुत्रा यांची सर्वांत प्रसिद्ध शर्यतही याच नियमात बसते. कुत्रं पोळी घेऊन पळालं आणि संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी पोळी त्याच्या घशाखाली उतरू नये म्हणून. तिथे कुत्रं पुढे होतं, माणूस मागे होता आणि पळण्याचं कारण वाटीत होतं. पहाटेच्या गृहस्थाच्या हातात काय असतं? इलेक्ट्रोलाइटची बाटली, आणि तीही तो कुत्र्याला देणार नसतो.

यावर धावपटूंचा पहिला आक्षेप थेट उत्क्रांतीतून येतो. माणूस पळण्यासाठीच घडला आहे, असं ते सांगतात, आणि पुरावाही देतात. डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लिबरमन या शास्त्रज्ञांनी 2004 साली 'नेचर'मध्ये लेख लिहून दाखवलं की लांब पल्ल्याचं धावणं हे आपल्या शरीराच्या घडणीत आहे. पायांतले स्प्रिंगसारखे स्नायुबंध, अंगभर येणारा घाम, पळताना डोकं स्थिर ठेवणारा मानेमागचा अस्थिबंध, सगळी यंत्रणा त्यासाठीच. वेगात हरणाशी बरोबरी नाही, पण भर उन्हात न थांबता मागे लागलं तर हरीण आधी तापून कोसळतं. लेख उत्तम आहे, माझी काही तक्रार नाही. पण तो नीट वाचला तर साक्ष कुत्र्याच्या बाजूने फिरते. त्या आदिमानवाच्या पुढे हरीण होतं. तो जेवण पकडायला पळत होता, आणि पकडल्यावर थांबत होता. कुत्रं माणसाच्या सोबतीला येऊन निदान पंधरा हजार वर्षं झाली. इतक्या काळात त्याने माणसाला भाला घेऊन सावजामागे पळताना पाहिलं, आग लागली म्हणून पळताना पाहिलं, मोगल आले म्हणूनही पळताना पाहिलं असेल. आता त्याला माणूस एकटाच पळताना दिसतो आणि पुढे हरीण नाही. मग सावज कोण, याचं उत्तर काढायला फार बुद्धी लागत नाही. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983ची, मुंबईची 2004ची. पंधरा हजार वर्षांच्या अनुभवापुढे हा प्रकार काल सुरू झाला असं कुत्र्याने धरलं, तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही.

या खटल्यातला सर्वांत भारदस्त पुरावा मात्र परदेशातला आहे, आणि तो ऑलिंपिकचा आहे. 30 ऑगस्ट 1904 रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. 32 जण पळाले, 14 पोचले. कच्चे रस्ते, मोटारींनी उडवलेली धूळ, भर उन्हाची वेळ आणि पाण्याची जवळजवळ बोंब. फ्रेड लोर्झ नावाचा स्पर्धक मध्येच दमला, मोटारीत बसून बरेच मैल गेला, मग उतरून ताज्या पायांनी स्टेडियममध्ये शिरला आणि काही काळ विजेता म्हणून टाळ्याही घेऊन गेला. ज्याला खरं सुवर्णपदक मिळालं त्या थॉमस हिक्सला वाटेत त्याच्या माणसांनी स्ट्रिक्नीन, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी पाजली होती. स्ट्रिक्नीन म्हणजे उंदरांना घालतात ते. क्यूबाचा फेलिक्स कार्व्हाहाल वाटेतल्या बागेत शिरला, सफरचंदं खाल्ली, पोट बिघडलं, एक डुलकी काढली आणि तरीही चौथा आला. आणि दक्षिण आफ्रिकेतला लेन टाउन्याने, जो तिथल्या जागतिक प्रदर्शनात बोअर युद्धाच्या खेळात काम करायला आला होता, त्याच्यामागे कुत्री लागली. त्यांनी त्याला मार्ग सोडून जवळजवळ मैलभर पिटाळलं. तो परत मार्गावर आला आणि नववा आला. कुत्र्यांनी चुकीचा माणूस निवडला असं म्हणायची घाई इथे होते, कारण पिटाळायचं तर लोर्झला पिटाळायला हवं होतं. पण कुत्र्याच्या जागी उभं राहून बघा. मोटारीत बसून चाललेला माणूस कळतो, बागेत सफरचंद खाणारा कळतो, झाडाखाली झोपलेला तर फारच कळतो. त्या दिवशी त्या रस्त्यावर खोडी न करता प्रामाणिकपणे नुसता पळणारा टाउन्यानेच काय तो अनाकलनीय होता. कार्व्हाहाल हा पेशाने पोस्टमन. कुत्री पोस्टमनला सोडून टाउन्यानेच्या मागे लागली, यावरून निव्वळ पळणं त्यांना किती खटकत असेल याचा अंदाज यावा.

दुसरा आक्षेप हक्काचा. रस्ता सार्वजनिक आहे, कुत्र्याच्या बापाचा नाही. हे ऐकायला बरं वाटतं, पण कागदपत्रं कुत्र्याकडे जास्त आहेत. प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम 2001 साली आले आणि 2023 साली नव्याने आले. त्यांचं सार असं की भटकं कुत्रं पकडायचं, निर्बीजीकरण करायचं, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री निवाऱ्यांत हलवायला सांगितलं, आणि अकरा दिवसांनी तो आदेश बदलून रेबीज झालेली व आक्रमक कुत्री सोडून बाकीच्यांना पुन्हा आपापल्या गल्लीत पाठवायला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, स्थानकं अशा आवारांचा वेगळा आदेश आला, पण आपला गृहस्थ काही शाळेच्या आवारात पळत नसतो. म्हणजे त्या कोपऱ्यावरच्या कुत्र्याच्या कानाची, निर्बीजीकरणाची खूण म्हणून, जी कापलेली कडा दिसते, तो अधिवास दाखला आहे. पळणाऱ्याच्या छातीवर नंबर लागतो तो वर्षातून एक रविवार, आणि त्या दिवशीही तो भलत्याच शहरात असतो. त्यात भुंकण्याचा निकाल बघा. कुत्रं भुंकतं, माणूस निघून जातो. तो तसाही जाणारच होता, त्याला अजून चौदा किलोमीटर बाकी होते, पण कुत्र्याला ते कोण सांगणार? त्याच्या दृष्टीने आजवर जितके पळणारे आले तितके त्याने हाकलून लावले. असा कामाचा आढावा कुठल्या खात्याला दाखवता येईल? मोटारसायकलच्या चाकामागे ते लागतं तेही याच यशाच्या जोरावर.

मग दूधवाल्यावर का नाही भुंकत, पेपरवाल्या पोरावर का नाही, असं कुणी विचारेल. पण हे तर माझ्याच बाजूचे साक्षीदार. ते रोज येतात, ठरल्या वेळी येतात आणि येण्याचं कारण किटलीत किंवा पिशवीत घेऊन येतात. खरा अडचणीचा साक्षीदार वेगळा आहे. तालुक्याच्या गावाबाहेर कुठल्याही राज्यमार्गावर पहाटे जा, पोलीस भरतीची पोरं-पोरी पळताना दिसतील. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. त्यांच्या पळण्याला कारण आहे, आणि ते घरातल्या चार माणसांच्या जेवणाइतकं ठोस आहे. तरी कुत्री त्यांच्यावरही जातात. इथे माझा सिद्धान्त थोडा लंगडतो. बचावात एवढंच म्हणता येईल की कारण खरं असून भागत नाही, ते दिसावं लागतं, आणि सरकारी नोकरी अजून लांब असते, कुत्र्याला कशी दिसणार. पण ही पोरं शहरी धावपटूसारखी त्यावर चर्चासत्र भरवत नाहीत. दहा-बाराच्या घोळक्याने पळतात, पुढच्याच्या हातात काठी असते, आणि कुत्रं उठलं की सगळी एका सुरात असं काही ओरडतात की कुत्र्यालाच वाटावं, आपल्याला कुठे भरती व्हायचं होतं.

पळणाऱ्यांची खरी चूक शोधायची तर ती कॅलेंडरात सापडेल. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. तयारीचा कार्यक्रम साधारण अठरा आठवड्यांचा. मागे मोजत गेलं की तो सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो, म्हणजे भाद्रपदात किंवा त्याच्या उंबरठ्यावर. भाद्रपद महिना कुत्र्यांच्या संदर्भात कशासाठी प्रसिद्ध आहे हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. ज्या पंधरवड्यात गल्लीतले यच्चयावत कुत्रे प्रेम, मत्सर आणि हद्द या तीन विषयांवर जागरण करत असतात, नेमक्या त्याच पंधरवड्यात आपला गृहस्थ नवे बूट घालून पहिल्यांदा घराबाहेर पडतो. पुढचं गणितही तितकंच चोख आहे. कुत्रीचं गाभणपण नऊ आठवड्यांचं. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात दर तिसऱ्या मोटारीखाली पिल्लं आणि त्यांच्यापुढे डोळ्यांत तेल घालून बसलेली आई. आणि डिसेंबरात कोच काय सांगतो? आता तीस-बत्तीस किलोमीटरच्या लांब धावा. एखाद्या शत्रूने आखला असता तरी हा कार्यक्रम याहून अचूक जमला नसता.

बरं, एवढी तयारी करून प्रसंगाला तिचा उपयोग किती? वॉल्टर कॅनन या हार्वर्डच्या शरीरशास्त्रज्ञाने 1915 साली भीती, भूक, वेदना आणि संताप यांत शरीरात काय उलथापालथ होते त्यावर पुस्तक लिहिलं. लढा किंवा पळा, ही जोडी तेव्हापासून त्याच्या नावावर आहे. ॲड्रिनलिन सुटतं, काळीज धडधडतं, पोटातलं रक्त स्नायूंकडे वळतं. आपला गृहस्थ चार महिने जे शिकला ते नेमकं याच्या उलट होतं: नाडी खाली ठेव, सावकाश पळ, बोलता येईल इतक्याच वेगाने पळ. किलोमीटरला सात मिनिटं म्हणजे ताशी साडेआठ किलोमीटर. केल्विन किप्टमने 2023 साली शिकागोत दोन तास 35 सेकंदांत मॅरेथॉन संपवली, त्याचा वेग ताशी 21 किलोमीटर. गल्लीतलं साधं, आदल्या रात्री वडापावावर झोपलेलं कुत्रं थोड्या अंतरात ताशी तीस सहज गाठतं. म्हणजे किप्टमही टपरीच्या पुढच्या खांबापाशीच सापडला असता. जाणकार म्हणूनच सांगतात की पळू नका, थांबा. पाठ दाखवू नका, डोळ्याला डोळा देऊ नका, हात अंगाशी ठेवून उभे राहा आणि ते गेलं की चालत निघा. हा सल्ला बरोबर आहे, आणि माझ्या मुद्द्याला पूरक आहे, कारण थांबलेला माणूस हा कारण विचारण्याचा विषयच राहत नाही. पण थांबणं ही एकच गोष्ट धावपटूला शिकवलेली नसते. त्यातही जो थांबतो तो आधी घड्याळाचं बटण दाबतो आणि मग थांबतो. समोर दात दिसताहेत, पण सरासरी बिघडता कामा नये. याउलट कसलंही प्रशिक्षण न घेतलेला माणूस खाली वाकून दगड उचलल्याचा अभिनय करतो आणि काम होतं. काँक्रीटच्या रस्त्यावर दगड नसतो हे दोघांनाही दिसत असतं, तरी होतं. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं आहे की रस्त्यावरच्या, कुणी न शिकवलेल्या कुत्र्यांनाही माणसाने बोट दाखवलेलं कळतं. ज्याला बोट कळतं त्याला वाकणं का कळू नये? आपला अर्थ त्याला लागतो, आपल्या पळण्याचा तेवढा लागत नाही.

'भुंकणारं कुत्रं चावत नाही' ही म्हण या वेळी आठवते आणि ती फारसा धीर देत नाही. ती खरी आहे ती एवढ्यापुरतीच की दोन्ही कामं एका तोंडाने एकाच क्षणी होत नाहीत. आणि न भुंकणाऱ्याची गोष्ट तर आणखी वाईट. आरे कॉलनीत किंवा येऊरच्या रस्त्यावर पळणाऱ्यांना कधीतरी जाणवतं की आज कुत्री कुठेच नाहीत, काय शांत वाटतंय. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री खात असावेत आणि त्यामुळे कुत्रे चावण्याचे प्रकार कमी होत असावेत, असा अंदाज 2018 साली काही संशोधकांनी मांडला होता. म्हणजे निसर्गाने धावपटूच्या संरक्षणाची व्यवस्था केलेली आहे, फक्त संरक्षक तेवढा भेटू नये. बिबट्या माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, हेही खरं. त्या भागातल्या वारली पाड्यांवर वाघोबाचं ठाणं असतं, आणि मला त्यात पळापळीपेक्षा जास्त शहाणपण दिसतं.

दोन ठिकाणी मात्र थट्टा आवरावी लागते. पहाटे एकट्या पळणाऱ्या बाईला विचारलं तर तिच्या भीतीच्या यादीत कुत्रं बरंच खाली असतं. वेग कमी करून शेजारून चालणारी मोटारसायकल वर असते, आणि त्या वेळी टपरीखालचं कुत्रं भुंकत उठलं तर ते तिला हवंच असतं. ती तक्रार कुत्र्याविरुद्ध नाही आणि तिचा कुत्र्याकडे उपायही नाही. दुसरी गोष्ट रेबीज. लक्षणं दिसू लागल्यावर त्यातून जवळजवळ कुणी वाचत नाही, आणि वेळेवर लस घेतली तर जवळजवळ कुणी मरत नाही. कुत्रं चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-तिखट काही भरायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही लागतं. पोटात चौदा इंजेक्शनं ही आता आजोबांच्या आठवणीतली गोष्ट. लस दंडात मिळते आणि तिचं नेहमीचं वेळापत्रक शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस असं दिवसांचं असतं. अठरा आठवड्यांच्या कार्यक्रमात अधूनमधून दांडी मारणारा गृहस्थ हे पाच रकाने मात्र न चुकता भरतो. चौदाव्या दिवशी संध्याकाळी आलं तर चालेल का, एवढंच विचारतो, सकाळी बत्तीस किलोमीटर आहेत म्हणून.

पण डॉक्टर आणखी एक काम देतात. लस तर सुरू झालीच, शिवाय कुत्रं ओळखीचं असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, ते ठणठणीत आहे ना ते बघा. मग दुसऱ्या पहाटे गृहस्थ त्याच टपरीपाशी येतो, या खेपेला चालत, आणि लांबून वाकून फळीखाली बघतो. खातंय का, लाळ गळतेय का, चाल बदललीय का. तिसऱ्या दिवशी तो ग्लुकोज बिस्किटांचा पुडा घेऊन येतो, कारण नुसतं बघत उभं राहणं बरं दिसत नाही. कुत्रं त्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा हुंगतं. ठरल्या वेळी येणारा, हातात काहीतरी आणणारा, आल्याचं कारण स्वच्छ दिसणारा माणूस. पाचव्या दिवशी तो टपरीवाल्याला कुत्र्याचं नाव विचारतो. दहा दिवस भरतात, दोघांचीही तब्येत उत्तम असते, आणि अकराव्या दिवशी तो बूट चढवून पुन्हा पळत येतो तेव्हा कुत्रं फळीखालून डोकंही बाहेर काढत नाही. शेपूट दोनदा जमिनीवर आपटतं आणि त्याच्यामागून पळत येणाऱ्या पुढच्या गृहस्थासाठी उठून उभं राहतं.